घरात येणाऱ्याची चौकशी

सकाळी अकराच्या सुमाराला घरातली कर्ती माणसे मळ्यात, दुकानावर नाहीतर नोकरीला गेलेली असतात. अशा वेळी दारात एक तरुण येतो. गळ्यात पट्टीला लटकवलेले ओळखपत्र, हातात मोबाइल. "लाइटचं रीडिंग घ्यायचंय," एवढेच म्हणतो. घरात म्हातारी सासू आणि कडेवर मूल घेतलेली सून. "मीटर आत आहे, पडवीच्या भिंतीला," म्हणून सून बाजूला होते. तो आत जातो, मीटरवरचे बटण दाबतो, पडद्यावर एकामागून एक आकडे सरकतात, युनिटचा आकडा आला की फोटो काढतो आणि निघतो. दोन मिनिटांचे काम.

त्या दोन मिनिटांत दाराची कडी कशी आहे, मागचे दार कुठे उघडते, दिवसा घरात कोण असते, हे सगळे त्याच्या डोळ्यांखालून जाते. बहुतेकांचे तिकडे लक्षही नसते. पुढची कितीतरी घरे उन्हात पालथी घालायची असतात. पण एखाद्याचे लक्ष असले तर? ही भीती खोटी नाही, आणि ती बोलून दाखवणाऱ्या बाईला संशयी म्हणणे योग्य नाही. तिच्या मनातला प्रश्न साधा आहे: हा कोण, आणि याची चौकशी कोणी केली आहे का?

नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, राहुरी तालुक्यात देवळाली प्रवरा आहे. नगरपरिषद असलेले, तीस हजारांच्या आसपास वस्तीचे गाव. एकीकडे नगर-मनमाड रस्त्यावरची राहुरी फॅक्टरीची बाजारपेठ, दुसरीकडे उसाच्या मळ्यांतून विखुरलेल्या वस्त्या. गावठाणात अजून 'हा अमक्याचा मुलगा' अशी ओळख चालते. जुना वायरमन कुठल्या आळीतला, त्याचे आजोळ कुठले, हे लोकांना ठाऊक असते. पण आता दारात येणारा नेहमी तोच नसतो. मीटरचे रीडिंग एजन्सीकडे गेले. नवे मीटर बसवायला कंत्राटदाराची माणसे येतात आणि महिन्या-दोन महिन्यांत दुसऱ्या तालुक्याला जातात. गॅसची टाकी आणणारा, शेगडीची नळी तपासणारा, नळाचे मीटर बघणारा, वायफायची केबल ओढणारा, असे सगळेच उंबऱ्याच्या आत येतात. ओळखीने जी खात्री मिळायची ती आता कागदाने मिळवावी लागते. तो कागद म्हणजे पोलिसांची चारित्र्य पडताळणी.

दार उघडायला लावणारा कायदा

विजेच्या माणसाला घरात घेणे ही ग्राहकाची मेहेरबानी नाही, कायद्याने तसे करावे लागते. २००३ च्या विद्युत कायद्याचे १६३ वे कलम वीज कंपनीला, किंवा तिने रीतसर अधिकार दिलेल्या कोणाही व्यक्तीला, ग्राहकाच्या जागेत शिरण्याचा अधिकार देते. वेळ वाजवी हवी आणि घरातल्या माणसाला आधी सांगायला हवे, एवढ्या अटी. कारणेही ठरलेली: तारा, मीटर तपासणे, दुरुस्त करणे, किती वीज वापरली ते पाहणे, पुरवठा बंद झाला असेल तर आपले सामान काढून नेणे. ग्राहकाने अडवले, तर चोवीस तासांची लेखी नोटीस देऊन कंपनी वीज तोडू शकते. हा अधिकार नवा नाही. १९१० च्या विद्युत कायद्यातही विसाव्या कलमात तो होता.

वीजचोरीच्या संशयावरून झडती घ्यायची असेल तर नियम अधिक कडक आहेत. १३५ व्या कलमानुसार झडतीच्या वेळी घरातले कोणीतरी हजर हवे, जप्त केलेल्या वस्तूंची यादी करून त्यावर सही घ्यायला हवी. राहत्या घरात सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत झडती घ्यायची तर तिथे राहणारा प्रौढ पुरुष समोर असल्याशिवाय ती घेता येत नाही. घरात एकट्या बायका असताना रात्री कोणी 'चेकिंगला आलोय' म्हणाले, तर दार न उघडण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. हे कलम प्रत्येक घरातल्या बाईला तोंडपाठ असावे असे मला वाटते.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेने यात आणखी भर घातली. कंपनीच्या प्रतिनिधीने नावाची पट्टी दिसेल अशी लावावी आणि दारात आल्यावर ओळखीचा व अधिकाराचा पुरावा दाखवावा, असे ती सांगते. म्हणजे ओळखपत्र मागणारी बाई कोणाचा अपमान करत नाही. नियमाप्रमाणे ते त्याने आपणहून दाखवायचे आहे.

पण या सगळ्यात एक मोठी उणीव राहिली. आत शिरण्याचा अधिकार विद्युत कायद्याने दिला, अधिकारपत्र हवे म्हणून सांगितले. मात्र ज्याला ते अधिकारपत्र द्यायचे त्याची पूर्वपीठिका कोणी तपासावी, याबद्दल १६३ वे कलम काहीच म्हणत नाही. त्याच काळात संसदेने दुसरा एक कायदा केला, २००५ चा खासगी सुरक्षा संस्था नियमन कायदा. त्याच्या दहाव्या कलमाप्रमाणे रखवालदार नेमताना त्याचे चारित्र्य आणि पूर्वेतिहास याबद्दल संस्थेची खात्री पटलेली असली पाहिजे. न्यायालयाने दोषी ठरवलेल्या माणसाला, किंवा गैरवर्तनाबद्दल सैन्यातून वा पोलिसांतून बडतर्फ झालेल्याला, रखवालदार म्हणून घेता येत नाही. बंगल्याच्या फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसणाऱ्याची चौकशी कायद्याने बंधनकारक, आणि फाटकातून थेट माजघरापर्यंत जाणाऱ्याची चौकशी कंपनीच्या मर्जीवर किंवा कंत्राटातल्या एखाद्या अटीवर सोडलेली. मला हे चुकीचे वाटते. ज्या कंपनीला सरकारने दार उघडून घेण्याचा हक्क दिला, तिच्यावर त्याच कायद्याने चौकशीचे ओझेही टाकायला हवे होते.

दाखला कसा तयार होतो

महाराष्ट्र पोलिसांकडे चारित्र्य पडताळणीसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा, कशासाठी दाखला हवा त्याचे कारण, पूर्वी कुठे राहत होतात ते, आणि आपल्यावर एखादा गुन्हा दाखल आहे का याचे उत्तर, एवढे त्यात भरायचे असते. देवळालीचा मुलगा असेल तर अर्ज राहुरी पोलीस ठाण्याकडे येतो. तिथले गोपनीय शाखेचे कर्मचारी ठाण्याच्या नोंदी तपासतात, संगणकावर शोधतात, कधी बीटचा हवालदार पत्त्यावर येऊन शेजाऱ्यांना विचारतो. खेडेगाव असेल तर पोलीस पाटलाला फोन जातो. मग अहवाल नगरला पोलीस अधीक्षक कार्यालयात जातो आणि दाखला निघतो.

सारे राज्य एका धाग्याने जोडणारी संगणक व्यवस्था आता आहे. सीसीटीएनएस नावाच्या या राष्ट्रीय प्रकल्पाला केंद्राने २००९ मध्ये मंजुरी दिली आणि पुढे देशभरातली पोलीस ठाणी तिला जोडली गेली. त्यामुळे श्रीरामपूरला दाखल झालेला गुन्हा राहुरीत दिसू शकतो. पण ही व्यवस्था पोलिसांसाठी आहे. कंत्राटदाराला ती थेट उघडता येत नाही. घाई असली की खासगी एजन्सीकडून चौकशी करून घेतली जाते. अशी चौकशी बरेचदा न्यायालयांच्या संकेतस्थळावर नाव टाकून होते, आणि तिथे एकाच नावाचे अनेक पक्षकार असतात. शिंदे, पवार, गायकवाड या आडनावांच्या प्रदेशात बापाचे नाव, वय आणि गाव जुळवल्याशिवाय काढलेला निष्कर्ष एखाद्या निरपराध पोराची रोजी बुडवू शकतो.

दाखल्यावर लिहिलेले काय असते तेही नीट वाचायला हवे. या ठाण्याच्या नोंदीनुसार अमुक तारखेपर्यंत या व्यक्तीविरुद्ध गुन्हा आढळला नाही, एवढाच त्याचा अर्थ. हा माणूस चांगला आहे असे पोलीस म्हणत नाहीत, आणि म्हणूही शकत नाहीत. उद्या तो काय करील हे तर कोणत्याच कागदावर येत नाही. शिवाय तारीख जुनी होते. दोन वर्षांपूर्वीचा दाखला फाइलला लावून एजन्सी निर्धास्त असते, मधल्या काळात माणूस काम सोडून गेलेला असतो आणि त्याचे ओळखपत्र परत घ्यायला कोणाला आठवलेले नसते. जुने ओळखपत्र गळ्यात घालून कोणी दारात उभा राहिला, तर सुनेला ते कळणार कसे?

दिल्लीत डिसेंबर २०१४ मध्ये ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीत चालकाने एका तरुणीवर बलात्कार केला. त्याच्यावर पूर्वीही बलात्काराचा खटला झाला होता. त्याच्याकडे पोलिसांचा म्हणून चारित्र्याचा दाखलाही होता, आणि तो बनावट असल्याचे पोलिसांनी जाहीर केले. कागद मागितला गेला होता. तो खरा आहे का, हे ज्याने दिला त्याला विचारण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते. अशा पडताळणीला अर्थ उरत नाही.

महाराष्ट्रातली घटना याहून जास्त शिकवते. ऑगस्ट २०१२ मध्ये मुंबईत वडाळ्याला एका उंच इमारतीत राहणाऱ्या तरुण वकील स्त्रीचा तिच्याच इमारतीच्या रखवालदाराने खून केला. खटल्यात पुढे आलेला घटनाक्रम असा: रखवालदाराने आधी तिच्या घराची वीज घालवली. वीज गेली की ती त्यालाच बोलावणार हे त्याला ठाऊक होते. तिने बोलावले, इलेक्ट्रिशियनला घेऊन तो वर गेला, दुरुस्ती चालू असताना घराची किल्ली उचलली आणि पुढे रात्री त्या किल्लीने आत शिरला. २०१४ मध्ये त्याला जन्मठेप झाली. या घटनेत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पहिली पायरी. वीज बंद पडली की आपण स्वतः दार उघडतो, आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या मागे कोण आत आले याकडे आपले लक्ष नसते. दुरुस्तीच्या वेळी घरातले एक माणूस सतत जवळ उभे असणे आणि किल्ल्या, पाकीट, मोबाइल उघड्यावर नसणे, हे काम कोणताही दाखला करून देत नाही.

गुन्हा पाहायचा की माणसाची जात

आता दुसरी बाजू, आणि राहुरी तालुक्यात तिचे वजन जास्त आहे.

नगर-मनमाड रस्ता हा आंदोलनांचा रस्ता आहे. उसाचा भाव, दुधाचा दर, कांद्याची निर्यातबंदी, पाण्याचे आवर्तन, काही झाले की लोक रस्त्यावर बसतात. मग बेकायदा जमाव, रस्ता अडवणे, जमावबंदीचा भंग अशी कलमे लागतात, आणि ती लागतात ती गर्दीतल्या पोरांना. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखालचा जमावबंदीचा आदेश आणि १३५ व्या कलमाखालची शिक्षा गावोगावच्या कार्यकर्त्यांना माहीत असते. कोरोनाच्या टाळेबंदीत भारतीय दंड संहितेच्या १८८ व्या कलमाखाली असेच गुन्हे नोंदले गेले. राज्य सरकारने राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे निर्णय वेळोवेळी घेतले, टाळेबंदीतले गुन्हेही मागे घ्यायचे ठरवले. पण ठाण्याच्या नोंदीतून ती ओळ कधी पुसली जाते याची वाट पाहत पोरगा रीडिंगच्या कामासाठी उभा असतो. दुधाच्या दरासाठी रस्त्यावर बसलेला मुलगा सुनेच्या घरात जायला धोकादायक, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. नुसती 'गुन्हा आहे / गुन्हा नाही' एवढाच रकाना असलेली पडताळणी मात्र नेमके तेच म्हणते.

यापेक्षाही खोल जखम जुनी आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रज सरकारने माणसांऐवजी जातीच्या जाती गुन्हेगार ठरवल्या. पुढे १९११ आणि १९२४ च्या कायद्यांनी त्याचा पसारा वाढवला. पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींतल्या माणसाला जन्मतः संशयित मानले गेले. ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर संपला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कायदा संपला, पण चोरी झाली की पहिली गाडी त्यांच्याच पालांवर जायची ही सवय संपली नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनात ती सवय आतून दिसते. १९८७ मध्ये आलेल्या त्या पुस्तकाला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

नगर जिल्ह्यात पारधी वस्त्या आहेत. गाळप हंगामात बीड-पाथर्डीकडून आलेले ऊसतोड मजूर कोपी घालून राहतात. गावात कुठे चोरी झाली की बोट आधी त्यांच्याकडे जाते. अशा समाजातला एखादा मुलगा आयटीआय करून इलेक्ट्रिशियन होतो, मीटर बसवायच्या कामाला लागतो, आणि पडताळणीला आलेला हवालदार शेजाऱ्यांना विचारतो की हे लोक कसे आहेत. 'हे लोक' या दोन शब्दांत सगळी चौकशी नासते. संशयावरून उचलून नेले, दोन दिवस बसवून ठेवले, सोडून दिले, त्याचीही नोंद कुठेतरी राहते. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका प्रकरणात या धोक्यावर बोट ठेवले: केवळ मागास किंवा वंचित समाजातला म्हणून कोणाची पोलिसांच्या हिस्ट्रीशीटमध्ये यांत्रिकपणे नोंद होता कामा नये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तुरुंगांतल्या जातिभेदावर निकाल देताना न्यायालयाने विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदींवरही कठोर भाष्य केले.

सरकारी नोकरीच्या संदर्भात न्यायालयांनी हा तिढा बराच सोडवला आहे, आणि खासगी कंत्राटदारांनी ते निकाल वाचायला हवेत. २०११ मध्ये दिल्ली पोलीस आयुक्त विरुद्ध संदीप कुमार या प्रकरणात, तरुणपणी मारामारीच्या खटल्यात अडकून पुढे तडजोड झालेल्या उमेदवाराची नोकरी न्यायालयाने नाकारू दिली नाही. तरुण वयातल्या चुकीसाठी माणसाला जन्मभर गुन्हेगार म्हणून डागू नये, हा त्याचा गाभा होता. २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने पुढची चौकट घालून दिली. अर्जात खरे सांगणे उमेदवाराचे कर्तव्य; पण लपवलेली गोष्ट कोवळ्या वयात घोषणा दिल्यासारखी किरकोळ असेल, तर मालकाला ती सोडून देता येते; गंभीर गुन्हा असेल, तर सुटका झाली तरी मालकाला विचार करण्याचा अधिकार राहतो. म्हणजे प्रत्येक प्रकरण वेगळे बघायचे, गुन्हा कोणता आणि काम कोणते हे जोडून बघायचे. घरफोडी किंवा स्त्रियांवरच्या अत्याचाराची शिक्षा भोगलेल्याला घरोघरी जाण्याचे काम देऊ नये, हे मला मान्य आहे. त्याच माणसाला सबस्टेशनवर किंवा गोदामात काम देता येईल. पण जमावबंदी मोडलेल्या मुलाला दोन्हीकडून हाकलणे हा अन्याय आहे.

कायद्याने आणखी दोन दारे उघडी ठेवली आहेत, त्यांची माहिती फारशी कोणाला नसते. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली न्यायालयाने चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या माणसाला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. बाराव्या कलमात तसे स्पष्ट म्हटले आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याचे चोविसावे कलम अल्पवयात हातून घडलेल्या गुन्ह्याचा डाग पुढे बाळगू देत नाही, काही गंभीर अपवाद सोडून ती नोंद नष्ट करायला सांगते. ब्रिटनमध्ये १९७४ पासूनच ठरावीक काळानंतर बऱ्याच शिक्षा 'संपल्या' असे मानणारा कायदा आहे. अमेरिकेत हवाई राज्याने १९९८ मध्ये नोकरीच्या पहिल्या अर्जातून गुन्ह्याचा रकाना काढायला लावला. आधी माणसाचे काम बघा, मग पूर्वेतिहास विचारा, असा त्यामागचा विचार.

दारात येणाऱ्यालाही भीती असते, हे इथे सांगितलेच पाहिजे. थकबाकी म्हणून जोडणी तोडायला गेलेल्या वायरमनला मारहाण झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. वस्तीवरचे मोकळे कुत्रे तर रोजचेच. रीडिंगच्या कामात मुलीही आहेत. अनोळखी घरात एकट्या पुरुषासमोर मीटर कुठे आहे म्हणून विचारणाऱ्या मुलीच्या सुरक्षेचा विचार या सगळ्या चर्चेत क्वचित होतो. तिच्या एजन्सीने तिला जोडीदार दिला पाहिजे, आणि एखादे घर नको वाटले तर ते सोडून द्यायची मुभाही दिली पाहिजे.

जबाबदारी कोणाची

चौकशीचा खर्च आणि ओझे आज सर्वांत दुबळ्या माणसावर येते. दाखल्याची धावपळ पोराने करायची, त्यासाठी कामाचा दिवस बुडवायचा. रीडिंगमागे पैसे मिळणाऱ्याला एक बुडालेला दिवस परवडत नाही. दुसरीकडे ओळख पटवायचे काम दारातल्या सुनेवर. मध्ये कंपनी आणि एजन्सी दोघी मोकळ्या.

कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्याने एक तत्त्व घालून दिले होते: कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर मुख्य मालकाने ती द्यायची. मजुरीला लागू होते ते विश्वासालाही लागू व्हायला काय हरकत आहे? ज्याच्या नावाचे ओळखपत्र गळ्यात, त्याने माणसाची हमी घ्यावी. दाखल्याचा खर्च कंपनीने भरावा, तो ठरावीक काळाने नवा करून घ्यावा, काम सुटल्याच्या दिवशी ओळखपत्र परत घ्यावे, आणि पडताळणीत काही निघाले तर त्या मुलाला आपले म्हणणे मांडायची संधी द्यावी. ग्राहकाच्याही हाती उपाय आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वीजपुरवठा ही 'सेवा' आहे. कंपनीच्या माणसाच्या वागण्यातून नुकसान झाले, तर पोलिसांत फिर्याद द्यायची ती द्यायचीच, शिवाय जिल्हा ग्राहक आयोगाकडे सेवेतल्या त्रुटीची तक्रारही करता येते.

आणि सर्वांत चांगली उपाययोजना चौकशीच्या आधीची आहे: आत यायची गरजच कमी करणे. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २००६ च्या मीटरविषयक नियमांप्रमाणे मीटर घराबाहेरही बसवता येते. तसे केले तर ग्राहकाला आत आकडे दिसण्याची सोय कंपनीने करून द्यायची आहे. जुन्या वाड्याच्या पडवीतले मीटर बाहेरच्या भिंतीवर आले की रीडिंगसाठी दार उघडावेच लागत नाही. महावितरण आता बसवत असलेली नवी मीटर रीडिंग आपोआप पाठवतात, तेव्हा दर महिन्याचा रीडरही येणार नाही. मात्र ती बसवायला नवी, अनोळखी माणसे घरोघर येतात, म्हणून हे काही महिने जास्त सावधपणाचे आहेत. गॅसच्या टाकीबाबत तेल कंपन्यांनी नोव्हेंबर २०२० पासून मोबाइलवर येणारा चार आकडी क्रमांक सांगूनच टाकी द्यायची पद्धत सुरू केली. तो क्रमांक टाकी मिळाल्याचा पुरावा आहे. ब्रिटनमध्ये वीज, गॅस, पाणी कंपन्या वृद्ध ग्राहकांना याच्या उलट सोय देतात: ग्राहक कंपनीकडे एक परवलीचा शब्द नोंदवतो, आणि दारात आलेल्या माणसाला तो सांगता आला तरच दार उघडायचे. क्रमांक ग्राहकाने सांगायचा की येणाऱ्याने, हा फरक फार मोठा आहे. महावितरणने मीटर बदलताना किंवा तपासणीला येताना अशी पद्धत सुरू केली, तर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची झोप शांत होईल.

लहान खेड्यांत आणखी एक प्रयोग झाला. तीन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी ग्रामविद्युत व्यवस्थापक नेमायचे सरकारने ठरवले, त्याच गावातला आयटीआय झालेला मुलगा. कामाच्या दृष्टीने त्यावर टीका बरीच झाली, पण दारात ओळखीचा चेहरा येतो ही त्यातली जमेची बाजू होती. देवळालीसारख्या नगरपरिषदेच्या गावाला ती योजना लागू नाही, पण प्रभागनिहाय ठरलेला, नाव माहीत असलेला रीडर ठेवायला कोणाची बंदी नाही.

तोपर्यंत घरच्या घरी करता येण्यासारखे थोडे आहे, ते करावे. दारातल्या माणसाला ओळखपत्र मागा आणि त्यावरचा फोटो चेहऱ्याशी ताडून पाहा. तो तुमचा ग्राहक क्रमांक सांगू शकतो का ते विचारा. रीडिंगला आलेल्याकडे तो असतोच. शंका आली तर त्याला ओट्यावर बसवून वीज कंपनीच्या १९१२ या क्रमांकावर फोन करा, खरा माणूस थांबेल. वीज तोडायला आलोय म्हणणाऱ्याला नोटीस दाखवायला सांगा, कारण विद्युत कायद्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे थकबाकीसाठी तोडणी करण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. 'आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा' असा खासगी नंबरवरून आलेला संदेश तर निव्वळ फसवणुकीचा असतो. रोख पैसे दारात देऊ नका. कोणी जबरदस्ती करू लागला तर ११२.

आणि देवळाली प्रवरातल्या वाचकांना एक विनंती. तुमच्या प्रभागात रीडिंग घेणाऱ्या, मीटर बसवणाऱ्या माणसांची नावे, फोटो आणि पडताळणीची तारीख वीज कंपनीच्या स्थानिक कार्यालयाच्या फलकावर लावा, अशी मागणी करा. बचत गटाच्या बैठकीत ठराव करा, नगरपरिषदेतल्या आपल्या नगरसेवकाला सोबत घ्या. मागणी तोंडी करू नका. अर्ज लेखी द्या, आणि त्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.